पहिल्या तिमाहीतील वारेचा छेद सूक्ष्मदर्शकाखाली कसा वाचावा

गर्भधारणेच्या पहिल्या बारा-तेरा आठवड्यांतील वार आणि प्रसूतीनंतर बाहेर पडणारी पूर्ण वाढलेली वार या एकाच अवयवाच्या दोन अवस्था असल्या, तरी सूक्ष्मदर्शकाखाली त्या इतक्या वेगळ्या दिसतात की एकीचे चित्र पाठ करून दुसरी ओळखता येत नाही. ज्याने केवळ पूर्ण वाढलेल्या वारेच्या स्लाइड पाहिल्या आहेत, त्याला सुरुवातीची वार रोगट वाटण्याचा संभव असतो. कारण तिचे व्हिलाय (वारेचे फांद्यांसारखे अंकुर; एकवचन व्हिलस) मोठे आणि सैल असतात, त्यांच्यात रक्तवाहिन्या थोड्या असतात आणि बाहेरच्या पेशींची वाढ जोमाने चाललेली असते. पुढील मार्गदर्शन वैद्यकशास्त्राच्या व जीवशास्त्राच्या विद्यार्थ्यांसाठी, तसेच ऊतीविज्ञानाच्या प्रयोगशाळेत नव्याने काम करू लागलेल्यांसाठी आहे. त्यातला मुख्य आग्रह एकच आहे: कोणतीही पेशी ओळखण्यापूर्वी पाते ऊतीतून कोणत्या दिशेने गेले असावे, याचा विचार करावा. सुरुवातीच्या वारेच्या वाचनातल्या बऱ्याच चुका पेशींच्या अज्ञानातून होत नाहीत, तर छेदाच्या कोनाकडे दुर्लक्ष केल्यामुळे होतात.

वयाची नोंद आणि ऊतीची तयारी

स्लाइड मंचावर ठेवण्याआधी गर्भाचे वय कोणत्या पद्धतीने मोजले आहे, हे पाहून घ्यावे. प्रसूतिशास्त्रात आठवडे शेवटच्या मासिक पाळीच्या पहिल्या दिवसापासून मोजतात, तर भ्रूणशास्त्रात फलनाच्या दिवसापासून, आणि दोहोंत साधारण दोन आठवड्यांचा फरक पडतो. इतर अवयवांच्या बाबतीत हा फरक फारसा जाणवला नसता. येथे मात्र तो चित्रच बदलून टाकतो. फलनानंतर सुमारे १३ ते १५ दिवसांनी दिसणारे प्राथमिक व्हिलाय म्हणजे केवळ ट्रोफोब्लास्ट, म्हणजे वारेचे बाह्य आवरण घडवणाऱ्या, पेशींचे भरीव खांब असतात; लवकरच त्यांच्या गाभ्यात मेसेंकाइम, म्हणजे गर्भाची सैल संयोजी ऊती, शिरून दुय्यम व्हिलाय तयार होतात आणि तिसऱ्या आठवड्याच्या अखेरीस त्या मेसेंकाइममध्ये केशवाहिन्या घडू लागल्या की त्यांना तृतीयक व्हिलाय म्हणतात. त्यामुळे ‘पाच आठवडे’ एवढीच नोंद असलेल्या स्लाइडमध्ये नुकत्या सुरू होणाऱ्या केशवाहिन्या शोधायच्या की रक्त वाहणाऱ्या वाहिन्या, हे मोजणीची पद्धत कळल्याशिवाय ठरवता येत नाही. या लेखात जेथे ‘फलनानंतर’ असे म्हटलेले नाही, तेथे आठवडे पाळीपासून मोजलेले आहेत.

ही ऊती गर्भपातानंतर मिळते आणि तिच्यामागे एक व्यक्ती असते, म्हणून अभ्यासासाठी ती वापरताना त्या व्यक्तीची लेखी संमती व संस्थेच्या नीतिसमितीची परवानगी असल्याची खात्री करणे हे तयारीचे पहिले काम आहे. ऊती हाती आल्यावर ती सलाइनमध्ये हळुवार धुऊन काचेच्या उथळ बशीत पसरावी. पाण्याखाली व्हिलाय पांढुरके, झुपकेदार व फांद्या फुटलेले दिसतात आणि तरंगत उलगडतात; डेसिड्युआचे, म्हणजे गर्भाशयाच्या बदललेल्या अस्तराचे तुकडे जाडसर, गुळगुळीत व चादरीसारखे राहतात. दोन्ही प्रकारचे तुकडे वेगवेगळे उचलून घ्यावेत आणि शक्य असल्यास जेथे व्हिलाय डेसिड्युआला चिकटलेले आहेत असा एखादा तुकडा जपून ठेवावा, कारण सर्वांत बोलका छेद त्याच तुकड्यातून मिळतो. त्यानंतर १० टक्के बफरयुक्त फॉर्मॅलिन, पॅराफिनचा ठोकळा, ४ ते ५ मायक्रोमीटर जाडीचे छेद आणि हिमॅटॉक्सिलिन-इओसिनचे रंजन हा नेहमीचाच क्रम चालतो. धुताना घाई करून ऊती चिमट्याने दाबली, तर बाहेरचा पेशीथर सुटून येतो आणि मग व्हिलसला आवरणच नाही असा भास होतो.

लहान भिंगाने सुरुवात

४ पट व १० पट ऑब्जेक्टिव्हखाली निदान काही मिनिटे घालवल्याशिवाय ४० पटीवर जाऊ नये. या टप्प्यावर तीन प्रदेश वेगळे करायचे असतात: व्हिलाय, त्यांच्यामधली मोकळी जागा आणि डेसिड्युआ. पहिल्या तिमाहीतले व्हिलाय साधारण १५० ते २०० मायक्रोमीटर व्यासाचे भरतात, तर पूर्ण वाढलेल्या वारेतले टोकाचे व्हिलाय ४० ते ८० मायक्रोमीटरच्या आसपास असतात. मोजपट्टी नसलेल्या सूक्ष्मदर्शकावर मातेच्या तांबड्या पेशीचा सुमारे ७ मायक्रोमीटरचा व्यास हाच हाताशी असलेला माप धरावा.

व्हिलायमधल्या जागेत मातेचे रक्त दिसले, तर त्यावरून रक्ताभिसरणाबद्दल घाईने निष्कर्ष काढू नयेत. ऊती काढताना होणारा रक्तस्राव त्या जागेत शिरतोच, त्यामुळे तेथील तांबड्या पेशी गर्भाशयात असतानाच तेथे होत्या असे छेदावरून म्हणता येत नाही.

आता कोनाचा प्रश्न. वारेची फांद्याफांद्यांची रचना एखाद्या दाट झुडपासारखी असते, आणि छेद म्हणजे त्या झुडपातून एकाच पातळीत फिरलेला चाकू होय. काही फांद्या आडव्या कापल्या जातात व गोल दिसतात, काही लांबीने कापल्या जाऊन पट्ट्यांसारख्या दिसतात, तर काहींच्या केवळ कडेवरून पाते घासून जाते. या तिसऱ्या प्रकाराला स्पर्शरेषीय छेद म्हणतात आणि तोच सर्वांत फसवा असतो: व्हिलसचा गाभा छेदात येतच नाही, फक्त आवरणाचा थर तिरका कापला जातो आणि मोकळ्या जागेत केंद्रकांनी गच्च भरलेले एक स्वतंत्र बेट असल्यासारखे वाटते. दोन व्हिलायना जोडणारे पूल दिसतात तेही बऱ्याचदा असेच तयार झालेले असतात. शंका आल्यास त्याच ठोकळ्यातले लागोपाठचे पाच-सहा छेद पाहावेत. पुढच्या छेदांत ते बेट व्हिलसला जाऊन मिळाले, तर त्याचे महत्त्व तेथेच संपते. म्हणून आवरणाचा अभ्यास करण्यासाठी असा व्हिलस निवडावा, ज्याच्या परिघावर थराची जाडी सर्वत्र सारखी आहे आणि ज्याच्या मध्यभागी सैल गाभा स्पष्ट दिसतो.

आवरणाचे दोन थर

असा व्हिलस सापडला की ४० पट भिंग लावून बाहेरून आत यावे. सर्वांत बाहेर सिन्सिशिओट्रोफोब्लास्ट असतो. त्याचे पेशीद्रव्य गडद गुलाबी ते जांभळट रंगते, त्यात काही ठिकाणी बारीक पोकळ्या दिसतात, आणि केंद्रके लहान, गडद व असमान अंतरावर विखुरलेली असतात. दोन केंद्रकांच्या मध्ये पेशीची सीमा शोधण्याचा प्रयत्न करावा. ती सापडणार नाही, कारण हा थर अनेक पेशी एकमेकींत मिसळून बनलेले एकच सलग पेशीद्रव्य आहे. कडेवर प्रकाश थोडा कमी करून पाहिले, तर अतिसूक्ष्म झालरीची रेघ दिसते. इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली ती रेघ म्हणजे दाट सूक्ष्मांकुर असल्याचे कळते. मातेच्या रक्ताशी थेट संबंध येतो तो याच पृष्ठभागाचा.

त्याच्या लगेच आत सायटोट्रोफोब्लास्टची ओळ असते. १८७० मध्ये जर्मन विकृतिशास्त्रज्ञ लांगहान्स यांनी तिचे वर्णन केले, म्हणून तिला आजही लांगहान्सचा थर म्हटले जाते. या पेशी घनाकृती किंवा बहुभुज, फिकट पेशीद्रव्याच्या आणि स्पष्ट सीमांच्या असतात. केंद्रक मोठे, गोलसर, विरळ क्रोमॅटिनचे असून त्यात केंद्रिका दिसू शकते. पहिल्या तिमाहीत ही ओळ जवळजवळ अखंड असते, तर पुढे व्हिलसचा पृष्ठभाग झपाट्याने वाढत गेल्याने पेशी विरळ व चपट्या होत जातात आणि साध्या रंजनात ओळ तुटक भासते. त्यामुळे अखंड दुहेरी आवरण हा सुरुवातीच्या वारेचा सर्वांत भरवशाचा पुरावा मानावा. व्हिलसच्या आकारापेक्षा मी तरी यावरच अधिक विसंबेन.

दोन थरांचे नाते तपासण्याची सोपी रीत म्हणजे विभाजन पावणाऱ्या पेशी शोधणे. आतल्या थरात पेशीविभाजनाच्या आकृत्या सापडतात, बाहेरच्या थरात सापडत नाहीत. तरीही बाहेरचा थर वाढतच असतो, याचा अर्थ त्याला केंद्रकांचा पुरवठा आतून होतो. एके काळी हा बाहेरचा थर मातेच्या ऊतीतून येतो असेही काही अभ्यासक मानत होते. १९६० च्या दशकात किरणोत्सारी थायमिडीनने खूण केलेला डीएनए आधी सायटोट्रोफोब्लास्टच्या आणि काही काळाने सिन्सिशिओट्रोफोब्लास्टच्या केंद्रकांत दिसल्यावर त्याचे मूळ पक्के झाले. पेशींच्या या मीलनात भाग घेणारे सिन्सिटिन हे प्रथिन, मानवी जनुकसंचात फार पूर्वी शिरून कायम झालेल्या एका रेट्रोव्हायरसच्या आवरणाच्या जनुकापासून बनते, हे २००० मध्ये प्रसिद्ध झाले. स्लाइड वाचायला या माहितीची गरज नाही, पण त्या थराकडे पाहताना ती आठवल्याशिवाय राहत नाही.

बाहेरच्या थरावर जागोजागी केंद्रकांचे फुगीर झुपके दिसतात. त्यांना सिन्सिशियल अंकुर म्हणतात. सुरुवातीच्या काळात ते नव्या फांद्या फुटण्याच्या जागा दाखवतात व निरोगी वारेतही भरपूर असतात. पूर्ण वाढलेल्या वारेतल्या सिन्सिशियल गाठी हा निराळा प्रकार आहे: त्यांतील केंद्रके अधिक गडद व आक्रसलेली असतात आणि त्यांचा संबंध वाढीशी नसून थराच्या वार्धक्याशी जोडला जातो. काही अंकुर तुटून मातेच्या रक्तात जातात व फुफ्फुसांच्या केशवाहिन्यांत अडकतात. जर्मन विकृतिशास्त्रज्ञ श्मोर्ल यांनी १८९३ मध्ये झटके येऊन दगावलेल्या गर्भवतींच्या फुफ्फुसांत अशा बहुकेंद्रकी पेशी पाहिल्या होत्या. मोकळ्या जागेत सुटा अंकुर दिसल्यास तो खरोखर तुटलेला आहे की तिरक्या छेदाचा परिणाम आहे, हा प्रश्न येथे पुन्हा विचारावा.

व्हिलसचा गाभा

आवरणाच्या आधारपटलाच्या, म्हणजे त्याखालच्या पातळ पडद्याच्या, आत सैल मेसेंकाइम असते. त्यातील ताऱ्यासारख्या किंवा तर्कूसारख्या पेशींची बारीक प्रक्षेपणे एकमेकींना भेटून जाळे विणतात. पहिल्या तिमाहीच्या उत्तरार्धात प्रामुख्याने दिसणाऱ्या अपक्व मध्यवर्ती व्हिलायमध्ये या जाळ्यातून द्रवाने भरलेल्या नलिका तयार होतात, ज्या व्हिलसच्या लांबीच्या दिशेने जातात. व्हिलस आडवा कापला गेला, तर त्या गोल रिकाम्या छिद्रांसारख्या दिसतात, आणि नवशिका वाचक त्यांनाच केशवाहिन्या समजतो. फरक ओळखण्यासाठी भिंतीकडे पाहावे: केशवाहिनीला चपट्या एंडोथेलियम पेशींचे अस्तर असते व तिच्यात बहुधा रक्तपेशी असतात, नलिकेला असे अस्तर नसते आणि तिच्यात एखादी हॉफबाउअर पेशी सापडू शकते.

हॉफबाउअर पेशी म्हणजे गर्भाच्या बाजूच्या मॅक्रोफेज, अर्थात भक्षक पेशी. त्या गोल, ठळक कडेच्या, पोकळ्यांनी भरलेल्या फेसाळ पेशीद्रव्याच्या असतात आणि त्यांचे केंद्रक बहुतेकदा एका बाजूला सरकलेले असते. फलनानंतर तिसऱ्या आठवड्यापासूनच त्या दिसू लागतात. स्ट्रोमा, म्हणजे गाभ्याची आधार-ऊती, दाट होत जातो तसतशा साध्या रंजनात त्या शोधणे अवघड होते, त्यामुळे त्या शिकायच्या असतील, तर आठ ते बारा आठवड्यांची स्लाइड निवडणे सोयीचे ठरते.

केशवाहिन्यांतील रक्तपेशींवर खास लक्ष द्यावे. गर्भाच्या सुरुवातीच्या तांबड्या पेशी पीतककोशात (गर्भाला जोडलेल्या सुरुवातीच्या पिशवीत) तयार होतात, आकाराने मोठ्या असतात आणि त्यांना केंद्रक असते. पुढे यकृतात तयार झालेल्या पेशी रक्तात येऊ लागल्या की केंद्रक नसलेल्या पेशींचे प्रमाण वाढते व पहिली तिमाही संपेपर्यंत केंद्रकयुक्त पेशी थोड्याच उरतात. वयाची नोंद संशयास्पद असेल, तेव्हा हे प्रमाण उपयोगी पडते, शिवाय एकाच दृष्टिक्षेत्रात माता व गर्भ यांचे रक्त वेगळे ओळखता येते. वाहिन्या या काळात बहुधा गाभ्याच्या मध्याकडे असतात, आवरणाला चिकटलेल्या नसतात. दोन रक्तांमधले अंतर म्हणूनच मोठे, सुमारे २० ते ३० मायक्रोमीटर असते, तर प्रसूतीच्या सुमारास ते सर्वांत पातळ जागी ४ मायक्रोमीटरच्याही खाली येते.

पेशीस्तंभ आणि डेसिड्युआ

आता जपून ठेवलेल्या त्या जोडाच्या तुकड्याकडे वळावे. काही व्हिलाय डेसिड्युआत रोवलेले असतात आणि त्यांच्या टोकाशी सायटोट्रोफोब्लास्ट पेशी बाहेरचा थर भेदून अनेक पदरी स्तंभ बनवतात. स्तंभाच्या बुडाशी, व्हिलसच्या आधारपटलाजवळ पेशी लहान व विभाजनशील असतात. पुढे सरकताना विभाजन थांबते, पेशी मोठ्या होतात आणि ग्लायकोजेन साठल्यामुळे त्यांचे पेशीद्रव्य स्वच्छ, फिकट दिसते. स्तंभाच्या पलीकडे या पेशी सुट्या होऊन डेसिड्युआत शिरतात व तेथे त्यांना व्हिलसबाह्य ट्रोफोब्लास्ट म्हणतात. स्तंभाचा आडवा छेद पाहिला, तर केवळ पेशींचा एक गोल पुंजका दिसतो, म्हणून स्तंभ नेहमी लांबीच्या छेदातच शिकावा.

डेसिड्युआत पोचल्यावर ओळखीचा खरा कस लागतो, कारण तेथे मातेच्या आणि गर्भाच्या पेशी शेजारी शेजारी असतात. मातेच्या डेसिड्युअल पेशी मोठ्या, बहुभुज, फिकट पेशीद्रव्याच्या व स्पष्ट सीमांच्या असून त्यांचे केंद्रक गोल व शांत दिसते. व्हिलसबाह्य ट्रोफोब्लास्टची केंद्रके मात्र गडद, वेडीवाकडी व आकाराने असमान असतात, पेशीद्रव्य अधिक दाट रंगते आणि खोलवर गेलेल्या काही पेशी एकत्र येऊन बहुकेंद्रकी महापेशी बनतात. कर्करोगाच्या स्लाइड पाहण्याची सवय असलेल्या डोळ्यांना ही केंद्रके भीतिदायक वाटतात. येथे ती स्वाभाविक आहेत. दोहोंच्या मध्ये चमकदार गुलाबी, एकजिनसी फायब्रिनॉइडचे थर पसरलेले असतात.

लिम्फोसाइटसारख्या दिसणाऱ्या लहान गोल पेशी विपुल दिसल्या, तर तो लगेच दाह समजू नये. पहिल्या तिमाहीत डेसिड्युआतील पांढऱ्या पेशींपैकी सुमारे ७० टक्के पेशी गर्भाशयातील नैसर्गिक मारक पेशी असतात. प्लाझ्मा पेशींचा किंवा न्यूट्रोफिलच्या पुंजक्यांचा अर्थ वेगळा असतो. ग्रंथींच्या पेशींत फुगीर, गडद केंद्रके दिसली, तर तो बहुधा आरियास-स्टेला बदल असतो, ज्याचे वर्णन १९५४ मध्ये झाले. तोही घातक नसतो.

वारेला मातेचे रक्त पुरवणाऱ्या सर्पिल धमन्या शोधताना भिंतीतील स्नायूंचा थर कोठे आहे व कोठे नाहीसा झाला आहे, हे पाहावे. ट्रोफोब्लास्ट पेशी धमनीच्या भोवती आणि आतही येतात, स्नायूंची जागा फायब्रिनॉइड घेते आणि नळी रुंदावते. सुमारे दहाव्या आठवड्यापर्यंत धमन्यांच्या तोंडाशी या पेशींची बुचे असतात, ज्यांतून मुख्यतः द्रव झिरपतो व तांबड्या पेशी फारशा जात नाहीत. छेदात असे बूच रक्ताच्या गुठळीसारखे भासते; ४० पटीवर त्यात केंद्रकयुक्त, एकमेकींना चिकटलेल्या पेशी दिसल्या की शंका मिटते. ही बुचे सुटू लागल्यावर व्हिलायमधल्या जागेतील ऑक्सिजनचा दाब आठव्या-दहाव्या आठवड्यातील सुमारे २० मिलिमीटर पाऱ्यावरून बाराव्या-तेराव्या आठवड्यात ६० च्या आसपास जातो. त्याआधीचे पोषण बऱ्याच अंशी गर्भाशयाच्या ग्रंथींच्या स्रावावर चालते, म्हणून बुचांच्या शेजारच्या ग्रंथी उघड्या व स्रावाने भरलेल्या आहेत का, हेही पाहून ठेवावे.

प्रतिपिंडांचे रंजन कोठे वापरावे

साध्या रंजनाने जेथे निर्णय होत नाही तेथेच इम्युनोहिस्टोकेमिस्ट्रीकडे, म्हणजे ठरावीक प्रथिनांना चिकटणाऱ्या प्रतिपिंडांच्या रंजनाकडे, जावे. सायटोकेराटिन-७ सर्व प्रकारच्या ट्रोफोब्लास्टना रंगवते व डेसिड्युअल पेशींना रंगवत नाही. मात्र गर्भाशयाच्या ग्रंथीही त्याने रंगतात, हे विसरून चालत नाही. पी-६३ सायटोट्रोफोब्लास्टच्या केंद्रकांत, एचसीजी सिन्सिशिओट्रोफोब्लास्टच्या पेशीद्रव्यात, एचएलए-जी व्हिलसबाह्य ट्रोफोब्लास्टवर आणि सीडी-६८ हॉफबाउअर पेशींत दिसते. नलिका व केशवाहिनी यांतील वाद सीडी-३१ ने मिटतो. की-६७ लावल्यास आतला थर व स्तंभाचे बूड उजळते आणि बाहेरचा थर कोरा राहतो.

शेवटचा आणि व्यवहारात सर्वांत महत्त्वाचा प्रश्न द्राक्षगर्भाचा, म्हणजे ज्यात व्हिलाय फुगून द्राक्षांच्या घडासारखे होतात त्या विकृत गर्भधारणेचा, असतो. निरोगी सुरुवातीच्या वारेत ट्रोफोब्लास्टची वाढ एका टोकाला, म्हणजे रोवल्या जाणाऱ्या बाजूला झुकलेली असते. पूर्ण द्राक्षगर्भात ती व्हिलसच्या सबंध परिघावर, अनियमित झुपक्यांनी होते. गर्भ दगावल्यानंतर व्हिलाय पाण्याने फुगतात, पण तेव्हा आवरण पातळ होते व व्हिलस गोल, नीटस राहतो. फार लवकर मिळालेल्या पूर्ण द्राक्षगर्भात मोठ्या पोकळ्या अजून तयार झालेल्या नसतात, त्यामुळे व्हिलायची कंदासारखी फुगीर टोके, निळसर श्लेष्मल स्ट्रोमा आणि त्यातील केंद्रकांचे चुरे यांवर भर द्यावा लागतो. पी-५७ या प्रथिनाचे रंजन येथे निर्णायक ठरते, कारण त्याचे जनुक मातेकडून आलेल्या प्रतीतूनच व्यक्त होते व पूर्ण द्राक्षगर्भात मातेचा केंद्रकीय जनुकसंच बहुतेक नेहमीच नसतो: सायटोट्रोफोब्लास्ट व व्हिलसचा स्ट्रोमा कोरे राहतात. हा निष्कर्ष लिहिण्यापूर्वी त्याच स्लाइडवरील डेसिड्युआची केंद्रके रंगली आहेत का, हे पाहावे. तीही कोरी असतील, तर रंजनच फसलेले असते. आंशिक द्राक्षगर्भात पी-५७ टिकून राहते, म्हणून रंग दिसला एवढ्यावरून तो नाकारता येत नाही आणि जनुकीय तपासणी करावी लागते.